शिकवणीचा जादा आकार

तीर्थस्वरूप अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा साष्टांगातलं जमेल तेवढं धरून घे). मी ठणठणीत आहे. तुझी कंबर काय म्हणते? फोनवरच विचारलं असतं, पण कानाचं यंत्र तू डब्यात जपून ठेवतेस, आणि मागच्या खेपेला आपण दोघं चांगला अर्धा तास दोन वेगळ्याच विषयांवर बोललो. तेव्हा पत्रच बरं.

आधी आनंदाची बातमी. गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीला मी चांगलाच इंगा दाखवला. तू म्हणशील, या बारक्याला भाड्याची गाडी कशाला? तर ही गेल्यावर चिरंजीवांनी आमची गाडी विकून टाकली. "बाबा, एकट्या माणसाला गाडी कशाला लागते?" म्हणाले. मी म्हटलं, विका. (चिरंजीव दर रविवारी फोन करतात. "सगळं ठीक ना? ठीक आहे ना, मग ठेवतो," असं एका दमात म्हणतात. मधे मी उत्तर कधी देतो ते माझं मलाच कळत नाही.) पण घरात बसून बसून भिंतींशी बोलायची वेळ आली, तेव्हा एका दिवसापुरती गाडी घेतली आणि तुला न कळवता तुझ्याकडे यायला निघालो. म्हटलं, दार उघडशील आणि ओरडशील. पोचलो नाही, हे तुला माहीतच आहे. ते का, ते पुढे येईल, आधी भांडण.

गाडी परत द्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने बिल पुढे केलं. ठरलेलं भाडं, आणि त्याखाली हे लांब शेपूट! पेट्रोल कमी भरल्याचे पैसे. आतली सफाई, कारण मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा. (अगं, मागच्या सीटवर मी बसलोच नाही. गाडी चालवणारा पुढे बसतो, एवढं तरी या धंद्यातल्या माणसांना ठाऊक असावं.) आणि तिसरं ऐकून तू कपाळावर हात मारशील: 'वाहनाचा शिकवणीसाठी वापर' म्हणून घसघशीत जादा आकार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणि शिकवणी? मला गाडी येते असं हीसुद्धा कधी म्हणाली नाही! मी असा आवाज चढवला की मागे रांगेत उभी असलेली माणसं उगाचच आपापली बिलं तपासायला लागली. पेट्रोलची पावती खिशातून काढून आपटली. चुऱ्यावरून वाद घातला. दोन्ही कलमं खोडायला लावली. शिकवणीचं तेवढं खोडेनात. मला आत काचेच्या खोलीत साहेबाकडे नेलं.

झालं होतं असं की या गाड्यांत काचेला एक डबी चिकटवलेली असते. ती समोरच्या रस्त्याचं चित्र काढते आणि आतला आवाज टिपते. साहेबाने ते लावून दाखवलं. पडद्यावर रस्ता पळतोय आणि वरून माझा आवाज: "अहो, आधी आरसा बघा. आरसा! क्लच हळू सोडा. हळू म्हणजे हळू! त्या ट्रकच्या मागे कशाला शिरताय? तिसरा टाका. अहो, तिसरा!"

"काका, ही शिकवणी नाही तर काय?" साहेब म्हणाला. ती मुलगी म्हणाली, "शिकणारा मात्र फार गुणी आहे हो सर. एवढी बोलणी खाऊन एकदाही उलटून बोलला नाही."

अक्का, तू आमच्या मागच्या सीटवर बसून हे किती वेळा ऐकलंयस. हिला गाडी चालवता येत नव्हती, पण मला चालवायची हीच. आता शेजारची जागा रिकामी, आणि कुणी ओरडल्याशिवाय माझा पाय क्लचवरून उठेना. म्हणून हिचं मीच बोलत होतो, 'अहो'सकट. मला वाटलं, गाडीत कोण ऐकतंय!

मग पडद्यावर तो फाटा आला, तुझ्याकडे वळायचा. गाडी थांबली. माझा आवाज आला, "आता कुठे वळू गं?" आणि पुढे नुसती इंडिकेटरची टिकटिक. बराच वेळ. मग गाडी उलटी फिरली. रस्ता हिला पाठ होता गं. मला फक्त हिचं बोलणं पाठ. त्या काचेच्या खोलीत मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं घरीसुद्धा वाटत नाही.

साहेब भला माणूस निघाला. म्हणाला, "काका, हे पैसे काढून टाकतो. गाडीत तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, एवढं लिहून सही करा." पेनही स्वतःचं दिलं. अशी जिरवली बघ त्यांची! तेव्हा माझी काळजी करू नकोस. वेळेवर जेवतो. थंडीत पायमोजे घाल.

तुझा,
बारक्या (वय वर्षं सत्तर)

ता. क. – पैसे वाचले असं वाचून तू खूश झाली असशील. तर सही केली नाही. 'गाडीत माझ्याशिवाय' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. साहेब म्हणाला, "पण काका, कोणी नव्हतंच ना?" मी म्हटलं, "तुम्ही पावती फाडा."

आणखी एक ता. क. – तुझं उत्तर आलं की तीच गाडी पुन्हा घेणार आहे. शिकवणीचे पैसे या वेळी आधीच भरीन, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल. ती मुलगी म्हणाली, "काका, फोनमधली बाई रस्ता सांगते, लावून देऊ?" मी नको म्हटलं. हिच्या जागेवरून परकी बाई मला वळणं सांगणार, हे हिला मुळीच खपलं नसतं. तेव्हा उलट टपाली एवढंच कळव: त्या फाट्यावर डावीकडे की उजवीकडे? बाकीचं ही सांगतेच.