नोंद दोनशे सात

दि. २०, मंगळवार, सकाळ

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गेल्या मंगळवारी पोहोचले. उत्तरास आठवडा लागला, हे मला शोभणारे नाही. आलेले पत्र तिसऱ्या दिवसापलीकडे ताटकळत ठेवू नये, असे मीच तुम्हां दोघांना बजावत आलो. तू फोन न करता पत्र लिहिलेस, हे बरे केलेस. फोन मी उचलला नसता.

माझी प्रकृती ठीक आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. मोरीतला नळ गळतो. प्लंबर दोनदा येऊन 'उद्या नक्की' म्हणून गेला, त्याचा उद्या अजून उगवायचा आहे. चिमणीचा पहिला दात पडल्याचे वाचून आनंद वाटला. तिने पाठवलेला हत्ती भिंतीवर लावला आहे. त्याला पाच पाय आहेत. तिला सांगू नकोस.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतो: त्याच्या गाण्यांची प्रत माझ्याकडे नाही. असण्याचे कारणही नव्हते. तो सतरा वर्षांचा असताना मी त्याला घरात गायला बंदी केली, चारचौघांत 'टिटवी' म्हणून हिणवले, आणि त्यानंतर हे जग सोडून जाईपर्यंत त्याने माझ्या कानांवर एकही सूर पडू दिला नाही. हट्टात पोर बापावरच गेले होते.

निवृत्तीनंतर मी स्वस्थ बसलेलो नाही, हे तुला ठाऊक नसावे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासली. आता गाण्यांच्या एका कंपनीच्या वकिलांकडे काम करतो. लोक कंपनीची गाणी चोरून इंटरनेटवरच्या एका साठवणसेवेत ठेवतात आणि तिथून कोणीही ती फुकट उतरवून घेतो. कंपनीने चोरांमागे न धावता त्या सेवेवरच दावा लावला: चोरीचा माल तुमच्या कोठारात, तेव्हा जबाबदारी तुमची. न्यायालयाने फर्मावले, की कंपनीने यादी द्यावी. यादीतला माल काढण्यात सेवेने दिरंगाई केली, तर दर दिवसाला दंड. ती यादी मी केली. प्रत्येक फाइल अर्धा मिनिट ऐकायची, गाणे कंपनीचे असल्याची खात्री करायची, मगच नोंद. तीनशे बारा नोंदी. वकील म्हणाले, यादीत बोट ठेवायला जागा नाही. त्या दिवशी मी गुडघा विसरून जिना चढलो.

त्याच सेवेतले त्याचे खाते न विचारता, न कळवता बंद झाले, असे तू लिहितेस. सुक्याबरोबर ओलेही जळते. चिमणीस गोड पापा.

तुझे,
नाना

ता. क. पत्र पाकिटात घालून पाकीट चिकटवले होते. ते फोडले आहे. वर लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरीही ते पत्र खोटे आहे.

यादीला चार रकाने होते: गाणे, फाइल, खाते, शेरा. सूचना स्पष्ट होती. एखादीच फाइल चोरीची असेल, तर तिचाच क्रमांक लिहावा. सबंध खातेच चोरीच्या मालाचे असेल, तरच खात्याचा रकाना भरावा, एरवी तो कोरा ठेवावा. मी ती सूचना वाचली होती. परंतु पन्नास वर्षांत माझ्या हातून कोरा रकाना असलेला कागद बाहेर गेलेला नाही. कोरा रकाना म्हणजे कामचुकारपणा, असे मी शिकलो आणि शिकवले. तीनशे बाराही नोंदींत मी खाते भरले. सेवेवाल्यांनी दंडाची धास्ती घेतलेली. त्यांनी काही उघडून पाहिले नाही. तीनशे बारा खाती मुळासकट पुसली.

तुझ्या पत्रात त्याच्या खात्याचा क्रमांक होता. मी माझ्याजवळची प्रत काढली. नोंद दोनशे सात. कंपनीच्या एका गाण्याची वाद्ये तेवढी घेऊन त्यांवर तो स्वतः गायला होता. ती एक फाइल त्यांची. बाकीची, चिमणीच्या प्रत्येक वाढदिवसाला रचलेली, आजारपणात पडल्या पडल्या म्हटलेली, सगळी त्याची. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'गायक कंपनीचा नाही. आवाज मात्र उत्तम.'

ओळखला नाही, सूनबाई. अर्धा मिनिट ऐकला आणि ओळखला नाही.

बुधवारी वकिलांकडे गेलो. पुसलेला माल सेवा पंचेचाळीस दिवस राखून ठेवते. ती मुदत शनिवारी संपत होती. मी चूक लेखी कबूल केली असती, तर खाती परत उघडता आली असती. वकिलांनी समजावले, की मग समोरचा पक्ष अख्खी यादीच खोटी ठरवील, आणि तिच्या शपथपत्रावर सही माझी आहे. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आजोबा, गेलेला मुलगा त्याने परत येणार आहे का? नावाला बट्टा मात्र लागेल."

मी घरी येऊन कबुली लिहायला बसलो. गुरुवारी ती तयार होती. शुक्रवारी तिच्यातली दोन वाक्ये मला सैल वाटली. शनिवारी सकाळी तिसरा परिच्छेद आधी घ्यावा असे वाटले. पाच वाजता सेवेची कचेरी बंद झाली, तेव्हा मी टेबलाशी बसून स्वच्छ प्रत काढीत होतो. रकाना मी सवयीने भरला. हे मात्र समजून उमजून केले. वाक्ये सैल नव्हती.

काल, सोमवारी, कबुली सेवेच्या कचेरीत नेऊन दिली. तिथला कारकून तारीख पाहून म्हणाला, "शनिवारी आणायला हवं होतं, काका." वकिलांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. कबुलीची प्रत सोबत जोडली आहे. तुला माझ्यावर दावा लावायचा असेल, तर ती वापर. मी हरकत घेणार नाही.

चिमणी वेणी घालताना रोज बाबाचे गाणे मागते, असे तू लिहिलेस. तिला देण्यासारखे माझ्याजवळ अर्धे मिनिट आहे. गाण्यापूर्वी तो हलकेच खाकरला. दुसऱ्या ओळीवर मागे कुठेतरी एक लहान मूल खिदळले, बहुधा तीच. तोही गाता गाता हसला, पण सूर सोडला नाही. मला ते गाऊन दाखवता येणार नाही. तुम्हां दोघींखेरीज त्याचा आवाज शेवटचा ऐकणारा माणूस मी आहे, म्हणून लिहून ठेवले.

आरंभीचे आशीर्वाद खोडले, असे समज. देण्याचा अधिकार उरला नाही.

टिटवीचा बाप