क्लचचा पाय

प्रिय ताई,

फोनवर तुला काही सांगायला जावं, तर तू तुझंच सांगून ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. पत्राला ती सोय नाही, म्हणून लिहायला बसलोय. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तू मागे दोनदा विचारलंस, की सकाळची बस खिडकीखालून जाते पण हॉर्न देत नाही, भावजय रुसली का माझ्यावर? मी म्हणालो, रजेवर आहे. ती रजेवर होती हे खरं, पण ती रजा पलंगावरची होती. तिचा डावा गुडघा बदलला, ताई. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुला कळवायचं नाही अशी तिचीच सक्त ताकीद होती. तुझ्या समोरच्या दारातल्या शिक्षिकाबाई ऑपरेशननंतर पाय ओढत चालतात, ते बघून वन्संचं आधीच धाबं दणाणलंय, त्यात आपली भर नको, असं तिचं म्हणणं.

इतकी वर्षं त्या पायाने तिने बसचा क्लच दाबला. दर थांब्याला, दर सिग्नलला. गुडघा आतून पार झिजला होता. शेवटी शेवटी बसमधून उतरताना ती दांडा धरून क्षणभर उभीच राहायची आणि मला सांगायची, काही नाही हो, मुंग्या आल्यात. आणि ही कोण, तर वेळेपुढे कुणाची गय न करणारी बाई! एकदा मी दुकानातून तसाच गळ्यात मापाची टेप घेऊन तिच्या बसमागे धावत होतो, तर ह्या बयेने आरशात मला बघितलं आणि खुशाल गिअर टाकला. घरी आल्यावर म्हणाली, नवरा झाला म्हणून काय झालं, वेळेवर यायचं.

डॉक्टर म्हणाले, सांधा आम्ही बदलू, पुढचं सगळं तुमच्या व्यायामावर. डेपोचे साहेब म्हणाले, पाय नीट वाकला, पूर्ण सरळ झाला आणि क्लच दाबून धरता आला तर गाडी तुमची, नाहीतर चौकशीची खिडकी. काचेआड बसून दुसऱ्यांच्या गाड्या कधी सुटणार ते सांगायचं, ह्या कल्पनेनेच ती त्या दिवशी जेवली नाही. तिला न जेवता उठलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

आता आमचा शहाणपणा ऐक. हिच्या डोक्यात बसलं होतं, की नवी गाडी सुरुवातीला दामटायची नसते, इंजिन रुळेपर्यंत हळूच चालवायची. मग नव्या गुडघ्याला वेगळा नियम कशाला? हॉस्पिटलात शिकवलेले व्यायाम ती इतक्या जपून करायची, की पाय हलला का ते विचारावं लागायचं. आणि मी पडलो शिंपी. मला माया दाखवायची तर काहीतरी शिवतो. उरलेल्या मखमलीची एक छान गुबगुबीत उशी शिवली आणि दिवसभर तिच्या गुडघ्याखाली ठेवू लागलो. तिला बरं वाटायचं, मला धन्य वाटायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

मग घरी व्यायाम घ्यायला एक मुलगी येऊ लागली. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. आल्या आल्या तिने आधी माझी उशी काढून कपाटावर भिरकावली. काका, गुडघा असा वाकवून आराम देत बसलात तर तो तसाच आखडेल, मग क्लच शेवटपर्यंत दाबायचा कसा? मग तिने हिचा गुडघा वाकवून कोन मोजला, तर काटकोनसुद्धा होईना. नव्या गाडीचा सिद्धान्त ऐकून ती पोट धरून हसली. म्हणाली, मावशी, सांधा नवा आहे, पण त्याच्या भोवतीचे स्नायू जुनेच आहेत की. उभे ठेवले तर गंजतील. हे मात्र हिला तत्काळ पटलं. डेपोत उभ्या उभ्या वाया गेलेल्या गाड्या तिने बघितल्यात.

त्या दिवसापासून मी जे पाहिलं ना, ताई, ते मला नीट सांगताही येत नाही. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची आणि पलंगावरून टाच मागे मागे सरकवायची, म्हणजे गुडघा वाकतो. वाचायला पोरखेळ वाटतो. हिच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने काय चालू, तर ‘चला, पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!’ ड्रायव्हर व्हायच्या आधी ती कंडक्टर होती, ते जातंय कुठे. टाच अडली की त्या गुडघ्याला असल्या शिव्या घालायची, की मी उठून खिडकी लावून घ्यायचो. व्यायामवाली मुलगी तर दोन शिव्या शिकून गेली.

पाय सरळ करायचा व्यायाम त्याहून वाईट. टाचेखाली गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि तो आपल्या वजनाने खाली जाईपर्यंत नुसतं पडून राहायचं. ती गुंडाळी मी माझ्याच उशीची केली, उसवून, आवळून भरून. म्हटलं, केलेल्या पापाचा काही उपयोग तरी होऊ दे. पुढे जिना आला. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. ती कधी चुकली नाही, बरोबर चालताना मीच चुकायचो. एकदा गुडघा टरारून सुजला. मी काकुळतीला आलो, म्हटलं आज राहू दे. म्हणाली, गाडीला उशीर झाला म्हणून कुणी फेरी रद्द करतं का? त्या मुलीला फोन करून विचारलं, बर्फ लावला, थोडं कमी केलं, पण केलंच. इतका संसार झाला आमचा, पण ही बाई किती मोठी आहे ते मला आत्ता कळलं. तसं तोंडावर म्हणालो, तर म्हणते, बरं, मग चहा टाका.

परवा डेपोत तिची परीक्षा झाली. उभ्या बसमध्ये दांडा धरून चढली, चांगला पाय आधी. मी फाटकापाशी, गळ्यात टेप तशीच राहिलेली. साहेब सांगत होते, दाबा, धरून ठेवा, सोडा, पुन्हा दाबा. एकदा तिचा चेहरा आवळलेला मला काचेतून दिसला आणि ओठ हलू लागले. ऐकू काही येत नव्हतं, पण पैज लावतो, पुढे सरका, पुढे सरका हेच चाललं होतं. खाली उतरली ती सोमवारच्या फेरीचा हुकूम घेऊनच. मी भर डेपोत रडलो. अहो, लोक बघतायत, म्हणून मला दटावलं, आणि मग स्वतःच माझ्या टेपने डोळे पुसले.

तेव्हा सोमवारी तुझ्या खिडकीखाली दोनदा हॉर्न वाजेल. पण एवढंच सांगायला मी चार पानं लिहीत नाही, हे तुला कळलंच असेल. तू जिना उतरून वर्ष होत आलं. विचारलं की म्हणतेस, मुंग्या येतात. ताई, ह्या घरात आता मुंग्यांचा अर्थ कळतो. हिने तुझ्या समोरच्या बाईंना फोन करून सगळं विचारून घेतलं. त्यांनी दुखतं म्हणून व्यायाम अर्ध्यावर सोडले होते, आणि त्यांच्याही गुडघ्याखाली लेकाने मायेने उशी ठेवली होती. तुझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आम्ही दोघं न्यायला येतोय. ऑपरेशन करायचं की नाही ते तू आणि डॉक्टर ठरवा, पण घाबरून खिडकीत बसून राहू नकोस, मला ते बघवत नाही. व्यायाम करून घ्यायला ही आहेच, शिव्यांसकट. मी उशी शिवणार नाही, शब्द देतो. काल रात्री जेवताना ही आपण होऊन म्हणाली, वन्संना लिहा, ज्या दिवशी त्या आपल्या पायांनी जिना उतरतील, त्या दिवशी मी खिडकीखाली बस उभी करीन. लोक ओरडले तर ओरडू देत. वन्संना म्हणावं, सावकाश या, गाडी थांबलेली आहे.

तुझाच,
बारक्या