शेणाची किळस गेली

३ मे, पोशेरा

साबण संपला, वास नाही! सकाळपासून ओलं शेण पाटीत भरून राबाच्या जागेवर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तिथं, पसरतोय — हातानं. फावडं मागितलं तर सुकऱ्या म्हणाला, हात कुठं विसरून आलास? सुकऱ्या म्हणजे हर्षालीचा बाप. आमच्यात लग्नाआधी पोरगा असा पोरीच्या घरी राहून राबतो. बापाला पटला तर हळद, नाहीतर जीपनं परत. म्हणजे मी आलोय हर्षालीसाठी आणि दिवस जातोय शेणाबरोबर.

५ मे

नाकाला रुमाल बांधून गेलो. शेजारच्या बायका म्हणाल्या, दवाखान्यातला डाक्टर आला बघा. ठाण्यात गोडाऊनला होतो तेव्हा सोबतचा मुकेश गटाराशेजारी बसून वडापाव खायचा. मी शी म्हटलं की म्हणायचा — घिन आती है, मतलब तुझे भूख नहीं लगी. ते काम सोडलं. त्याआधी कोंबडीचं दुकान सोडलं, वासापायीच. जव्हारला शाळेत सर तिटकारा, तिरस्कार असलं काही फोड करून सांगायचे तेव्हा मी खिडकीतून एसट्या बघत होतो. आता शब्द हवेत तर कमी पडतात! शेणाची किळस. सुकऱ्याच्या तंबाखूच्या पिचकारीची शिसारी. आणि दुपारच्या उन्हाचा वीट.

६ मे

खरं लिहितो. शेणाचं काही एवढं नाही. धोंडीबाईचं आहे.

हर्षालीची आई. माणूस चांगलं. पण मिश्री लावते, बोट दातांवरून फिरवते, लुगड्याला पुसते आणि त्याच हातानं नागलीची भाकर थापते. भाकरीवर तिची बोटं उठलेली असतात. ती दिसली की मी दुसरीकडं बघतो. वर प्रेमानं म्हणते, खा रं बाबा, लाजू नको. नाही कसं म्हणू? ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसतो. घरात काळं कुत्रं आहे, त्याची चंगळ. मी बिस्किटांवर.

९ मे

बिस्किटं संपली.

१० मे

बिस्किटं आणायला मोखाड्याला गेलो. बाजारात एक जण कागदाच्या भिंगऱ्या विकत होता. कशा करतो ते बघण्यात दुपार गेली. जीपमध्ये बसलो तेव्हा हातात भिंगरी, बिस्किटं नाहीत. वैताग आहे मी!

१३ मे

राब भाजला. रुमाल खिशातच राहिला, ध्यानातच आलं नाही. सुकलेल्या शेणाला नुसता गवताचा वास. सुकऱ्यानं पाठीवर थाप मारली, म्हणाला, चालेल पोरगा, पावसाआधी हळद लावू. हर्षाली दाराआडून हसत होती.

संध्याकाळी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर आत जेवायला बसवलं. धोंडीबाईनं ताट ठेवलं. ठेवताक्षणी काळं कुत्रं येऊन माझ्या गुडघ्याला टेकून बसलं. बाकी कुणाकडं बघेना. भाकरीकडं बघून शेपूट हलवतंय! सुकऱ्या हसला — कुत्र्यालाही जावई पसंत. धोंडीबाई हसली नाही. आधी कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग आपला हात पदराखाली घेतला.

१४ मे

हर्षाली विहिरीवर भेटली. भांडली असती तर परवडलं असतं.

"शेणाची किळस गेली तुझी," म्हणाली. "आईची नाय गेली."

म्हटलं, अगं, मिश्रीचं आहे ते, माणसाचं नाही.

"सकाळपासून मिश्रीला हात नाय लावला तिनं. राखेनं हात घासत बसलीय. माझ्या आईला तिच्याच हाताची लाज वाटायला लावलीस. तू जा."

हंडा उचलून गेली.

१५ मे, मोखाडा स्टँड

जव्हारची गाडी लागलीय. निघताना धोंडीबाईनं वाटेसाठी फडकं दिलं होतं, आत्ता सोडलं. नागलीची भाकर. बोटं नाहीत. पळसाच्या शिरा उठल्यात — हात लागू नये म्हणून पानांत थापलीय.

बसून सगळी खाल्ली. गाडी गेली. पोशेऱ्याची जीप भरतेय.