सहा इंच

ब्लॅक मेसा, मार्चची एकोणीस तारीख

शियाझी, माझ्या लेकी व्हर्ना,

मी ठीक आहे. मेंढ्याही ठीक, दोघी व्यायल्या. तूही फीनिक्सला हॉटेलातल्या चादरींच्या घड्या घालत बरी असशील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. लिहिते आहे शेजारची अर्नेस्टीन. मी बोलले की ही हसते आणि ओळ वाकडी जाते, तेवढं चालवून घे.

बातमी अशी, की तुझ्या नवऱ्यानं (अजून तसंच म्हणते) गाडी उंच केली. विल्बर्टनं आधी स्प्रिंगांवर नुसत्या चकत्या बसवून दोन इंच वाढवून पाहिले. नाल्यापाशी गाडीचं पोट चिखलात बसलं आणि माझी डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख हुकली. मग तो अंगणातून ओरडला, "अर्नेस्टीन, म्हातारीला विचार, चार इंच की सहा?"

मी घोंगडीखालून म्हटलं, "सहा सांग. चिखल काही चारला थांबत नाही." जणू मला कळतं!

आठवडाभर तो गाडीखाली होता. नव्या लांब स्प्रिंगा, नवे शॉक ॲब्सॉर्बर. ब्रेकच्या नळ्यासुद्धा लांब घातल्या, जुन्या ताणल्या जायला लागल्या म्हणून. मी सगळं ऐकलं, पाहिलं काहीच नाही. आपल्यात जावयाकडे पाहिलं तर सासूचे डोळे जातात, म्हणून चोवीस वर्षं तो येताना तीनदा हॉर्न वाजवतो आणि मी तोंडावर घोंगडी ओढते. न पाहताही डोळे चाललेच आहेत. आता तक्रार कुणाकडे करू?

काल तो टेकाडामागे जाऊन बसला, तेव्हा मी बाहेर आले. सीट माझ्या हनुवटीला!

अर्नेस्टीन म्हणाली, "अगं बाई, ही गाडी की घोडा?"

"घोडा तरी खळग्यात उभा करून चढता येतं," मी म्हटलं.

दुधाच्या क्रेटवर चढले, तो चिखलात रुतला. ही मागून ढकलत होती. हिचं कंबरडं माझ्याहून जुनं. दोघी चिखलात बसलो.

टेकाडामागून आवाज आला, "मला वाटलं, त्या व्हर्नाएवढ्या असतील."

त्यानं मला कधी पाहिलंय का! बिचाऱ्यानं उंची तुझ्यावरून धरली.

आता गाडी खाली घेतली तर ती नाल्यात अडकते, वर ठेवली तर मी घरात. आपल्या होगनचं, या मातीच्या घराचं, दार पूर्वेला आहे. सकाळी ऊन आत येतं, मी बाहेर जात नाही. कॉफी ओतताना कपात बोट धरते. हे लिहायचं नव्हतं, हिनं लिहिलं.

डॉक्टरची नवी तारीख एकतीस. ती चुकली तर थेट ऑगस्ट, आणि तोवर डोळा उरणार नाही म्हणतात.

मला उचलून बसवेल असा इथे एकच माणूस आहे, आणि नेमका त्यालाच मला हात लावता येत नाही. तू ऑक्टोबरात 'दोन महिने' म्हणून गेलीस. मी काही विचारलं नाही. तो पाणी आणतो, लाकडं फोडतो, जातो.

म्हणून एकदाच विचारते. तू अजून त्याची बायको असलीस, तर तीस तारखेला ये आणि मला गाडीत चढव. नसलीस, तर तसं अर्नेस्टीनच्या फोनवर सांग. मग तो माझा जावई नाही, आणि मी त्याचा हात धरू शकते.

दोन्हींतलं मला काय हवंय, ते विचारू नकोस. ते मी हिलाही लिहू देत नाही.

खालचा अंगठा माझाच आहे. जरा ओळीबाहेर गेला, पण माझाच.

तुझी आई