दाजींचा डबलर आणि रंकाळ्यावरचा मुलगा

॥ श्री ॥

कोल्हापूर
मंगळवार, ता. १७ एप्रिल १९७९

तीर्थस्वरूप बाळासो दाजी यांना नृसिंहाचा साष्टांग नमस्कार. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान परवा रविवारी दुपारी चारपर्यंत होतो. आक्काच्या गुडघ्यांना उन्हाळ्यानं आराम पडला असेल. तुमचे नववीचे पेपर तपासून झाले असतील आणि नेहमीप्रमाणे एकालाही फुकटचा मार्क मिळाला नसेल. (तुम्ही सख्ख्या पुतण्याला विज्ञानात चौतीस दिलेत आणि पस्तिसावा मागायला आलेल्या भावाला चहा पाजून परत पाठवलंत, ही गोष्ट आमचे अप्पा अजून आल्यागेल्याला सांगतात. या घरात तुमच्या शब्दाला जी किंमत आहे, ती त्या एका मार्कामुळे.)

लेन्स आणि डबलर दोन्ही सुखरूप आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. दिवाळीत ती तीनशे मिलिमीटरची लांब नळी आणि तिच्या मागे बसवायचा तो बुटका डबलर माझ्या हवाली करताना तुम्ही बजावलं होतंत, की फक्त पाखरांसाठी वापर. पाच महिने मी रंकाळ्यावरच्या पाणकोंबड्यांखेरीज कुणाकडे बघितलं नाही. परवा मात्र माईवहिनींनी पाखरू बदललं.

झालं असं. अप्पा-माईवहिनींच्या प्रमोदिनीला जयसिंगपूरचं एक स्थळ सांगून आलं आहे. मुलगा वसंत, बँकेत नोकरीला, घरचे चांगले, अप्पांना एकदम पसंत. येत्या रविवारी ती मंडळी मुलगी बघायला यायची आहेत. त्यांनी मुलाचा फोटो पाठवला आणि तिथेच घोडं अडलं. फोटो स्टुडिओतला, बसलेला, छातीपर्यंतचा. माईवहिनी दोन दिवस तो न्याहाळत होत्या. त्यांचं म्हणणं, छातीच्या खाली मुलगा आहे याचा यात काय पुरावा? आपल्या मुलीला ते बसवणार, उठवणार, चालायला लावणार, आणि आपण मात्र अर्ध्या फोटोवर समाधान मानायचं? (मी मान डोलावली. अप्पांनी हातातला पेपर आणखी वर धरला.)

अप्पांच्या ऑफिसातला शिपाई केरबा याची सासुरवाडी जयसिंगपूरची. त्यानं बातमी आणली, की मुलगा दर रविवारी बँकेच्या कसल्याशा परीक्षेच्या क्लासला कोल्हापुरात येतो आणि क्लास सुटला, की परतीच्या गाडीपर्यंत संध्यामठाच्या बाजूला रंकाळ्यावर बसतो. वर त्यानं सल्लाही दिला, "लांबनं बघा की, सायेब. त्येला कुटं कळतंय?" हे ऐकल्याबरोबर माईवहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या मागच्या कपाटाकडे, जिथे तुमची नळी होती.

अशा रीतीनं परवा पाच वाजता मी काठाच्या भिंतीआड, मुलापासून तीनशे फुटांवर ठाण मांडलं. तुम्ही तिपाई दिली नव्हती (तक्रार नाही, नोंद करतो), म्हणून गव्हाची एक पिशवी भिंतीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली. डबलर लावला, की वस्तू दुप्पट जवळ येते आणि उजेड चौथाई उरतो, हे तुम्ही मला कागदावर काढून दाखवलं होतंत. प्रत्यक्षात काय होतं, तर कॅमेऱ्याच्या खिडकीत भर उन्हात दिवेलागण होते. त्या अंधारात मुलगा सापडेपर्यंत माझ्या मागे माणसं जमली. चोरून करायच्या कामाला हातभर लांब नळी नेऊ नये, हे मला तेव्हा कळलं. पहिली सोनूबाई आली. ती तिथे म्हशी धुवायला आणते.

"काय वो पावणं, ह्येच्यातनं लांबचं दिसतंय व्हय? मग माजी म्हस बगा की जरा. सकाळधरनं पान्यात गेलीया, भाईर यायचं नाव न्हाय."

नाही म्हणालो असतो तर आरडाओरडा झाला असता, म्हणून नळी फिरवून म्हैस शोधून दिली. सोनूबाईनं डोळा लावला, "आगं बया, हितंच हाय की!" म्हणाली आणि शिंग धरायला लेन्सच्या पुढे हात घातला. त्यानंतर रांग लागली. एकाला स्वतःचं घर बघायचं होतं, एकाला घरात बायको काय करते ते. या गडबडीत कुणाची तरी शेळी येऊन पिशवीतले गहू खाऊ लागली, त्यामुळे लेन्स हळूहळू मान खाली घालत होती आणि ते मला दोन फोटो पाण्याचे निघाल्यावर समजलं.

तरी मी आठ फोटो काढले. काल सकाळी फिल्म धुऊन आली आणि दुसरी चूक उघडी पडली. उजेड मी हातातल्या मीटरनं मोजला होता, आणि त्या मीटरला बिचाऱ्याला काय माहीत, की नळीच्या मागे तुमचा डबलर बसून तीन हिस्से गिळतो आहे! दोन फोटोंत पाणी, दोनांत म्हैस (तिचे मात्र सुरेख आले आहेत, सोनूबाईला एक प्रत कबूल केली आहे), तिनांत नुसता काळोख. आठव्यात मुलगा आला. धूसर आहे, हललेला आहे, पण डोक्यापासून चपलेपर्यंत आहे. उंची चांगली, पाय दोन, दोन्ही सरळ.

आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून एक बाई उभी आहे.

बाईचं तोंड दिसत नाही, कारण उन्हाची म्हणून छत्री आहे. फिकट फुलाफुलांची साडी, कॅमेऱ्याकडे पाठ. मी वहिनींना सांगितलं, की एवढ्या लांबून फोटो घेतला, की पुढचं-मागचं अंतर चेपल्यासारखं दिसतं. कुस्तीच्या मैदानातल्या फोटोंत नाही का, पंच आणि त्याच्या मागे चाळीस फुटांवरचा पोलीस एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे येतात? ही बाईसुद्धा तशीच कुठेतरी मागे, आपल्या वाटेनं जाणारी असणार. टेबलावर दोन तांबे मांडून, खोलीच्या टोकाशी जाऊन, एका डोळ्यानं बघून दाखवलं. वहिनींनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "भावोजी, तांबे एका छत्रीत उभे राहत नाहीत."

अप्पांनी जयसिंगपूरला नकाराचं कार्ड लिहून ठेवलं आहे. प्रमोदिनी ते बघून आत गेली आणि रात्री जेवली नाही. आजवर तिनं सात स्थळांपुढे पोह्याची बशी नेली, एकदाही जेवण टाकलं नव्हतं. म्हणून मी अप्पांच्या जवळजवळ पाया पडलो. शेवटी ते एवढंच म्हणाले, "नृसिंहा, तुझ्या तांब्यांवर माझा विश्वास नाही. बाळासो दाजी असं होतं म्हणाले तर मी कार्ड फाडीन." शुक्रवारपर्यंत ते कार्ड खुंटीवरच्या कोटाच्या खिशात राहील. शनिवारी सकाळी केरबाबरोबर जयसिंगपूरला जाईल.

पत्र साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नृसिंह

ता. क. तेव्हा दाजी, शुक्रवारच्या आत पोचेल असं चार ओळींचं कार्ड अप्पांच्या नावे टाकावं. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये तीस-चाळीस फूट मागेपुढे असलेली माणसं शेजारी उभी असल्यासारखी दिसतात, एवढंच. खाली शाळेचा शिक्का असला तर उत्तम.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून पाकीट बंद करत होतो, तर प्रमोदिनी चहा घेऊन आली. वाचू का म्हणाली, वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "काका, त्या बिचाऱ्या काचेवर कशाला आळ घेता? आम्ही शेजारीच उभे होतो." छत्रीतली ती! साडी मैत्रिणीची, छत्रीही तिचीच. केरबाची बातमी तिनंही दाराआडून ऐकली होती आणि माझ्या आधी अर्धा तास जाऊन पोचली होती. मी रागावायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी त्याला बघायचं आणि मीच तेवढी खाली मान घालून त्याचे अंगठे बघायचे?" तिनं त्याला मठाच्या पायऱ्यांपर्यंत चालून जायला लावलं, परत यायला लावलं, स्वयंपाक येतो का विचारलं. (पिठलं येतं.) तो बिचारा न कुरकुरता चालला म्हणे. त्यावरच ती त्याला पसंत करून आली आहे.

आईला सांग म्हटलं, तर म्हणाली, सांगितलं तर मुलगा राहील आणि मला घरातून काढतील. तेव्हा कार्ड मी सांगितलं तसंच टाका. त्यात खोटं काहीच नाही. लेन्स तसं करते, हे खरंच आहे. या वेळी तिनं केलं नाही, एवढं फक्त लिहू नका.

ता. क. तिसरा. अप्पा आत्ताच म्हणाले, की दाजींचं कार्ड आलं, की तो फोटो मोठा करून घेऊ, म्हणजे बाई किती मागे आहे ते नीट दिसेल. म्हणून निगेटिव्ह या पाकिटातच घातली आहे. ती तुमच्याकडून हरवायची आहे. मी भिंग लावून बघितली. छत्रीच्या दांड्यावर दोन हात आहेत. एकात बांगड्या आहेत, दुसऱ्यात पुरुषी घड्याळ, आणि चाळीस फूट लांब हात असलेला माणूस कुठली लेन्स दाखवते हे अप्पांनी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही खरं तेच सांगून मलाही चौतीसच द्याल, याची मला खात्री आहे.