चाळीस बटणांचा खेळ

८ नोव्हेंबर, शनिवार

खोका उघडला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. हा खेळ? माझ्या शिलाई मशीनपेक्षा जड! दोन दांडे, खाली तीन पायडलं आणि बटणंच बटणं – चाळीसएक तरी असतील. स्वरूपने मुंबईहून एसटीच्या पार्सलने पाठवलाय. तो कामाला आहे त्या दुकानात जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून विकतात. फोनवर म्हणाला, "आई, आजवर निघालेल्या सगळ्यात महागड्या गेमपैकी एक आहे तो. नीट ठेव." नीट कुठे ठेवू? जयगडातल्या दोन खोल्या, त्यातली एक माझ्या शिवणाची!

आलाय ह्यांच्यासाठी. श्रावणात बंदरावर, क्रेनच्या केबिनमध्ये असतानाच ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण डावा हात मांडीवर पडलेला असतो. व्यायाम शिकवणारी वैष्णवी रत्नागिरीहून येते, चेंडू दाबायला सांगते. हे चेंडू हातात धरून खिडकीबाहेर बघत बसतात. डिसेंबरात बंदराच्या डॉक्टरांची तपासणी आहे. हात चालला तर परत क्रेनवर, नाही तर खाली गेटपासच्या खिडकीत. मला हे वरच हवेत. क्रेनवाल्याची बायको म्हणून मी या गावात मान वर करून फिरले. खिडकीवाल्याची बायको कशी फिरते मला माहीत नाही.

९ नोव्हेंबर

स्वरूपला विचारलं – एवढा महाग का रे? म्हणाला, वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत बाकीचे खेळ पन्नास डॉलरला, हा दोनशेला. सगळे पैसे या धुडाचे. आत पडद्यावर एक राक्षसाएवढं यंत्र असतं, ते या दांड्यांनी चालवायचं.

"याहून महाग असतात?"

"असतात की! एकाबरोबर खरी मोटार होती. एकाबरोबर तर घर बांधून देणार होते."

घर! मग त्यात खेळ कितीचा आणि घर कितीचं? म्हणे, घेणारा कोणी नसतोच, पेपरात नाव यावं म्हणून काढतात. ब्लाउज शिवता शिवता दिवसभर तेच डोक्यात. गिऱ्हाईक दुकानात जाऊन काय म्हणत असेल – तो घरवाला खेळ द्या? आणि दुकानदार विचारत असेल, पिशवी देऊ?

११ नोव्हेंबर

आज टीव्हीला जोडून चालू केला. यंत्र नुसतं जागं करायला ओळीने खटके वर करावे लागतात! एक चुकला की ढिम्म. मी वैतागले, हे मात्र हसले – "क्रेन पन अशीच उठवतात." श्रावणानंतर पहिल्यांदा हसले!

डाव्या दांड्यावर ह्यांचा हात राहीना. मग मी ह्यांच्या हातावर माझा हात ठेवला, पायडलांवर माझे पाय. दोघांत मिळून एक ड्रायव्हर. सारखे आपटलो.

१२ नोव्हेंबर

पायडल जमलं! एवढी वर्षं मशीन उगाच नाही मारलं.

१६ नोव्हेंबर

एका बटणावर झाकण आहे. आज त्याचा उलगडा झाला. यंत्र पेटलं की झाकण उचलून ते दाबायचं, म्हणजे ड्रायव्हर बाहेर उडी मारतो. नाही दाबलं तर तो मरतो – आणि तोवर जपून ठेवलेला सगळा खेळ आपोआप पुसला जातो. परत पहिल्यापासून! एवढे पैसे घेऊन वर ही शिक्षा? स्वरूप म्हणतो, "त्याच्यासाठीच लोक वेडे आहेत, आई. खरी भीती वाटते ना." विकत घेऊन भ्यायचं. माणसाचं काही कळत नाही.

२० नोव्हेंबर

सगुणा ब्लाउजच्या मापाला आली होती. मी दारात टेप लावून उभी, हे आत एकटेच खेळत होते. यंत्र पेटल्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. उजवा हात दांड्यावर. डावा उठला, दोन बोटांनी झाकण वर केलं, बटण दाबलं! आणि मग ह्यांनी तो परत मांडीवर ठेवला. अगदी होता तसा.

मी कंबरेच्या जागी छातीचं माप लिहिलं.

जेवताना म्हणाले, "मालन, तांब्या जरा धर." धरला.

२१ नोव्हेंबर

वैष्णवीला विचारलं, असं होतं का? "होतं काकी, माणूस रंगला की हात आपसूक चालतो. चांगलंच आहे!" मला ते पटवून घ्यायचं होतं. पण पटेना.

२३ नोव्हेंबर

राहवलं नाही. हे पडवीत बसलेले, उजव्या हातात चहाचा कप. मी न सांगताच टॉवेल फेकला. डाव्याने झेलला!

टॉवेल हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "दिवाळीपासून चालतो."

"मग?"

"त्या दिवशी हात मेला तवा दांडा त्याच हातात व्हता. क्रेनचा कोळशानं भरलेला पंजा खाली धक्क्यावरच्या आप्पाच्या डोक्यावरना गेला. आप्पाक ठावूक पन नाय, बिडी पेटवीत व्हता." कप खाली ठेवला. "मला वर नाय जायचा गो."

"मग सांगा ना तसं बंदरात!"

"काय सांगू? भ्यालो म्हनून?"

असा राग आला! महिनाभर ह्यांची बोटं चोळतेय, तेल लावतेय, आणि हा माणूस नाटक करतोय. आत जाऊन मशीन दणादणा चालवलं. शिलाई सगळी वाकडी गेली, उसवावी लागली. उसवताना रडू आलं. वर कोणाला जायचं होतं? मलाच. ह्यांना तिथे काय दिसतं ते मी एकदाही विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर

स्वरूपचा फोन. "बाबा खेळतायत ना? हात कसा आहे?" म्हटलं, "खेळतात रे." दुसऱ्या प्रश्नाला कुकरची शिट्टी झाली.

३ डिसेंबर, बुधवार

तपासणी झाली. डॉक्टरांनी ह्यांचा हात उचलून सोडला, तो खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग माझ्याकडे वळले – "वहिनी, तुम्ही चोवीस तास बरोबर असता. खरं सांगा, घरी हा हात थोडातरी चालतो का?"

हे माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. अजिबात नाही."