विधवेला न विचारायचा प्रश्न

सर, पुढच्या आठवड्यात तुमच्या स्मरणार्थ व्याख्यान आहे आणि मला तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलंय. सगळे तुमच्या सुसंस्कृतपणाबद्दल बोलतील. मी त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तुम्हाला तो दिवस आठवायचं कारण नाही. वॉर्डात पोटदुखीची एक बाई होती आणि तिला मी विचारलं, मूल राहू नये म्हणून तांबी बसवली आहे का? तुम्ही मला हाताने थांबवलंत. सगळ्यांशी हिंदी बोलणारे तुम्ही माझ्याशी मुद्दाम मराठीत बोललात. "अहो डॉक्टरीणबाई, आधी कपाळाकडे बघा. विधवेला हे विचारतात? घरी काही शिकवलं नाही वाटतं." मराठी न कळणारी मुलंही हसली. घरी शिकवणार कोण, सर? कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या माझ्या खोलीवर जाऊन मी रडले, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचं पटवून घेतलं. कुंकू पाहून गर्भाशयाची तपासणी करणारा माणूस मला थोर वाटत होता!

तुमची ती विद्या मात्र मेली नाही. या हिवाळ्यात आमच्याकडे एक मराठी बाई आली. मुलगा इथेच केंद्र सरकारच्या नोकरीत. बाईच्या ओटीपोटात दगडासारखी गाठ, बारीक ताप, अंग पार वाळलेलं. आमचे मोठे सर्जन, तुमचेच लाडके विद्यार्थी, म्हणाले, "कॅन्सर ही है. विडो है, हिस्ट्री में कुछ खास नहीं." सुईने काढलेल्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, नुसता पू होता. तर म्हणे सुईच चुकली! गर्भाशय, अंडाशय आणि आतड्याचा तुकडा काढायचं ठरलं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलगा देत होता, आणि आईला मराठीत प्रश्न विचारता येतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मी मुलाला चहा प्यायला पाठवलं आणि तिच्या खाटेवर बसले.

"मावशी, तांबी बसवली होती कधी?"

"बसवली होती की. धाकटा झाल्यावर, सरकारी दवाखान्यात."

"मग काढली कधी?"

"काढायची कशाला? माणूसच गेला."

"इतक्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी? सगळे त्यालाच विचारतात. त्याला काय माहीत, तो तर पाळण्यात होता." ती हसली, मग माझा हात धरला. "पोराला सांगू नकोस गं. या वयात आईचं असलं काही ऐकायचं त्याने?"

स्कॅनमध्ये ती तांबी स्वच्छ दिसत होती, सर. पांढरी रेघ. विधवेच्या पोटात ती असणार नाही असं ठरवलेल्या हुशार लोकांनी तिला कॅल्शियम म्हटलं होतं. मी भांडून गाठीचा पुन्हा नमुना घ्यायला लावला. त्यात पिवळे कण निघाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांसारखे जंतू दिसले. अ‍ॅक्टिनोमायकोसिस. क्वचित दिसणारा, वर्षानुवर्षं राहिलेल्या तांबीच्या आधाराने वाढणारा, हुबेहूब कॅन्सरसारखा दिसणारा आणि साध्या पेनिसिलिनने बरा होणारा आजार. तांबी काढली, काही आठवडे शिरेतून औषध दिलं, आता महिनोन्‌महिने गोळ्या. गाठ विरघळते आहे. सर्जनसाहेब म्हणाले, "रेअर केस है, पेपर लिखो." रेअर जंतू असेल, सर. न विचारणं रेअर नाही. मला तुमचा वॉर्ड आठवतो तेव्हा त्या पोटदुखीच्या बाईचं पुढे काय झालं ते आठवत नाही, कारण आपण पुढच्या खाटेकडे गेलो होतो.

हे सगळं व्यासपीठावर वाचायचं असं ठरवून लिहायला घेतलं होतं. वाचणार नाही. काल मुलाने जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, आईला हे नेमकं कशामुळे झालं?" मी म्हणाले, असे जंतू शरीरात असतातच, कधीतरी त्यांना वाट सापडते. तिचं गुपित राखणं माझं कामच होतं, आणि मी ते राखलं. पण तो आभार मानून गेल्यावर, 'तांबी' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारावा लागला नाही म्हणून मला जे हायसं वाटलं, ते तिच्यासाठी नव्हतं.